पाचशे डॉलरची चिल्लर: हाफ डॉलरचे बॉक्स चाळण्याचा उद्योग

नाणेघाटी

मागे 'तुमचे विचित्र छंद' या धाग्यावर मी एक ओळ टाकून गेलो होतो, की मी बँकेतून पाचशे डॉलरची नाणी आणतो, एकेक बघतो आणि परत देऊन येतो. त्यावर इतके व्यनि (व्यक्तिगत निरोप) आले (निम्मे 'घरी सगळं ठीक ना?' छापाचे) की म्हटलं एकदाच काय ते लिहून टाकू.

अमेरिकेत अर्ध्या डॉलरचं नाणं आहे, हे इथे दहा-दहा वर्षं राहिलेल्या आपल्या लोकांनाही ठाऊक नसतं. दिसणार कुठे? दुकानाच्या गल्ल्यात त्याला खण नाही, बहुतेक वेंडिंग मशिन ते घेत नाहीत, आणि कॉफीवाल्याला दिलं तर तो मॅनेजरला हाक मारतो. पण नाणं चलनात आहे आणि बँकेला सांगितलं तर मागवून मिळतं. एका रोलमध्ये वीस नाणी, म्हणजे दहा डॉलर. असे पन्नास रोल एका बॉक्समध्ये. एकूण हजार नाणी, पाचशे डॉलर. बॉक्स दिसायला किरकोळ, पण वजन अकरा किलोच्या वर. पहिल्यांदा एका हाताने उचलायला जाणारा हमखास फसतो.

शोधायची असते ती चांदी. १९६४ पर्यंतच्या हाफ डॉलरमध्ये ९० टक्के चांदी असायची. साडेबारा ग्रॅमच्या नाण्यात सव्वाअकरा ग्रॅम. पुढे चांदी महागली, तुटवडा पडायला लागला आणि जुलै १९६५ मध्ये राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांनी नव्या नाणे कायद्यावर सही केली. डाइम (दहा सेंट) आणि क्वार्टर (पाव डॉलर) यांतली चांदी पूर्ण गेली. हाफ डॉलरमध्ये मात्र ४० टक्के राहिली, ती १९७० पर्यंत. १९७१ पासून सगळा तांब्या-निकेलचा कारभार.

मग चांदी अजून बँकेत राहिली कशी, हा रास्त प्रश्न. क्वार्टर रोज शेकडो हातांतून जातो, त्यातली चांदी लोकांनी केव्हाच वेचली. हाफ डॉलरचं तसं झालं नाही, कारण त्याचं फिरणंच थांबलं. नोव्हेंबर १९६३ मध्ये केनेडींची हत्या झाली आणि मार्च १९६४ मध्ये त्यांचा चेहरा असलेला हाफ डॉलर आला. लोकांनी तो खर्चायला नाही, आठवण म्हणून घेतला. टांकसाळीने त्या सालची चाळीस कोटींच्या वर नाणी पाडली, तरी बाजारात दिसेना. त्यात चांदीचा भाव वाढता, म्हणून ४० टक्केवालीही लोकांनी दाबून ठेवली. १९७१ मध्ये बिनचांदीचं नाणं मुबलक यायला लागलं तोवर दुकानदारांची आणि गिऱ्हाइकांची त्याची सवय मोडली होती. आता घरात कुणी म्हातारं माणूस गेलं की मुलं डब्यातली नाणी न बघता बँकेत भरतात, ती रोलमध्ये जातात, आणि तिथून कधीतरी आमच्यासारख्यांच्या टेबलावर.

बघायची पद्धत सांगतो. रोल फोडायचा, वीसच्या वीस नाणी हातात आडवी धरायची आणि दिव्याखाली फक्त कडा बघायची. तांब्या-निकेलच्या नाण्याच्या कडेला मधोमध तांबूस पट्टा असतो, अगदी ठळक. ९० टक्केवाल्याची कडा सलग पांढरी. एकोणीस तांबूस रेघांमध्ये ती एक पांढरी रेघ लपत नाही. गोची होते ४० टक्क्यांची. तिची कडा कधी राखाडी, कधी मळकट तपकिरी, आणि झिजलेल्या साध्या नाण्याशी सहज गल्लत होते. म्हणून माझा नियम: आधी कडा, मग प्रत्येक नाण्याचं साल, कितीही कंटाळा आला तरी. १९६५ ते १९६९ ही सालं कडेवर विसंबणाऱ्यांच्या हातून सर्रास निसटतात. १९७० चं 'डी' छापाचं (म्हणजे डेन्व्हर टांकसाळीची खूण असलेलं) नाणं दिसलं तर खुर्चीतून उठायला हरकत नाही. ते चलनासाठी पाडलंच नव्हतं, फक्त संग्राहकांच्या संचात दिलं होतं.

केनेडींच्या आधीचं क्वचितच मिळतं. १९४८ ते १९६३ बेंजामिन फ्रँकलिनचा चेहरा असलेलं, त्याआधी १९१६ पासून १९४७ पर्यंत 'वॉकिंग लिबर्टी', अंगभर झगा घालून सूर्याकडे चालत निघालेली बाई. माझ्या मते अमेरिकेने याहून देखणं रुपेरी नाणं पाडलेलं नाही. फ्रँकलिनच्या मागे लिबर्टी बेल आहे आणि तिच्या बाजूला एक अगदी चिमुकला गरुड. अर्ध्या डॉलरवर गरुड हवाच असा कायदा होता, म्हणून घंटेशेजारी कसाबसा बसवलाय.

बहुतेक बॉक्स कोरडे जातात. हे आधीच सांगतो, कारण यूट्यूबवर ज्यांच्या प्रत्येक रोलमधून चांदी निघते ते कोरडे बॉक्स दाखवत नाहीत. चांदीचा औंस ३० डॉलर धरला तर ९० टक्केवालं नाणं पावणेअकरा डॉलरच्या आसपास आणि ४० टक्केवालं साडेचारच्या आत. त्यातून पेट्रोल आणि रविवारची दुपार वजा करा.

खरं कौशल्य नाण्यांत नाहीच, बँकेत आहे. एका शाखेतून घ्यायची आणि दुसऱ्याच बँकेत भरायची. जिथून घेतली तिथेच परत नेलीत तर एक तर तीच नाणी फिरून तुमच्याच घरी येतात, आणि दुसरं म्हणजे काउंटरवरची माणसं तुम्हाला बघून मागच्या खोलीत जायला लागतात. माझ्या मागवायच्या शाखेत मी कधी एक नाणंही परत केलेलं नाही.

आणखी कोणी आहे का या वाटेवर?

सदाशिवपेठी

म्हणजे स्वतःचे पैसे बँकेतून काढायचे, मोजायचे आणि परत भरायचे. आमच्या गल्लीत एक गृहस्थ हेच करायचे, फक्त त्यांच्याकडे एवढी कारणं नव्हती. (हलके घ्या.)

मीठभाकर

लेख आवडला, पण गणित पटलं नाही. पाचशे डॉलर अडकवायचे, दोन बँकांच्या खेपा, हजार नाणी डोळ्यांखालून घालायची आणि हाती साडेचार डॉलर? त्यापेक्षा सरळ चांदी विकत घ्या की.

नाणेघाटी

@मीठभाकर, गुंतवणूक म्हणून कोणी विचारलं तर मीही हेच सांगेन. एकच गोष्ट या छंदाच्या बाजूने आहे: मुद्दल बुडत नाही. पाचशे डॉलरची नाणी ही पाचशे डॉलरच असतात. मासेमारीला जाणारा माणूस बाजारभावाने किलोचा हिशोब करत नाही, तसंच समजा. आणि सोबत नाट्यसंगीत लावलेलं असतं, ते वेगळंच.

आजीचा बटवा

आमच्याकडे लेकीला याच नादाने इतिहासाची गोडी लागली. तिने एकदा विचारलं, १९७५ सालचा हाफ डॉलर एकही का नाही? मलाही पत्ता नव्हता. मग दोघींनी मिळून शोधलं. १९७६ ला स्वातंत्र्याची दोनशे वर्षं होत होती, म्हणून १९७५ आणि १९७६ अशी दोन्ही वर्षं टांकसाळीने '१७७६-१९७६' असं जोडसाल घातलेली नाणी पाडली. मागच्या बाजूला नेहमीच्या गरुडाऐवजी फिलाडेल्फियाचा इंडिपेंडन्स हॉल. आता ती सालवार वही भरते आणि १९७५ च्या रकान्यात तिने मोठ्ठी फुली मारून ठेवली आहे.

भर दुपारी

अरे देवा! मी या आठवड्यात पहिला रोल आणला, त्यात १७७६ लिहिलेलं नाणं निघालं. मी नवऱ्याला फोन करून ऑफिसातून घरी बोलावणार होते!!

नाणेघाटी

@भर दुपारी, नवऱ्याला ऑफिसातच राहू द्या. :) ती नाणी ढिगाने निघतात आणि चलनातली सगळी बिनचांदीची. त्या मालिकेत ४० टक्के चांदीची होती, पण ती 'एस' छापाची (सॅन फ्रान्सिस्को टांकसाळीची) आणि फक्त संग्राहकांच्या संचांत. कोणी संच फोडून खर्चली असतील तरच रोलमध्ये सापडायची. तारखेजवळ छोटा 'एस' आहे का बघा आणि मग कडा बघा. 'एस' असूनही कडेला तांबूस पट्टा असेल तर ते बिनचांदीचं प्रूफ, म्हणजे आरशासारखी चकाकी दिलेलं संग्राहकांचं नाणं. तेही ठेवण्यासारखं असतं.

छाप कुठे असतो हेही सांगून ठेवतो. १९६४ च्या केनेडीवर तो मागे, गरुडाच्या पायाजवळ. १९६५ ते १९६७ छापच नाही. १९६८ पासून पुढच्या बाजूला, मानेखाली.

रात्रपाळी

मी टेक्सासमध्ये एका बँकेत काउंटर आणि तिजोरी दोन्ही सांभाळते, म्हणून काउंटरच्या आतली बाजू मांडते. राग मानू नका, पण तुम्ही लोक आमच्या डोक्याला ताप आहात.

हाफ डॉलरचा बॉक्स कोणी मागवला की तो आठवड्याच्या ठरलेल्या गाडीने येतो. येतो तो आम्हाला उचलून तिजोरीत ठेवावा लागतो, रोजच्या हिशोबात धरावा लागतो. मागवणारा माणूस चार दिवस फिरकलाच नाही तर पाचशे डॉलर असे अडकून बसतात, जे आम्ही दुसऱ्या कोणाला देऊही शकत नाही, कारण हाफ डॉलर मागतंय कोण? आणि दुसरा प्रकार त्याहून वाईट. अनोळखी माणूस शुक्रवारी संध्याकाळी पिशवीभर सुटे हाफ डॉलर घेऊन येतो. आमच्या नाणी मोजायच्या मशिनला ते चालत नाहीत, अडकतात. हाताने मोजा, रोल करा. मागे रांग. माझ्या ड्रॉवरमध्ये त्यांना खणही नाही. मग ती नाणी परत पाठवायची, त्याचा वाहतुकीचा खर्च शाखेच्या माथी.

छंद छान आहे. पण तो आमच्या पाठीवर चालतो, एवढं लक्षात असू द्या.

कावळा

रात्रपाळी ताई, ग्राहक आहे, खातं आहे, नाणं कायदेशीर आहे. बँकेचं कामच ते. त्यात उपकार कसले?

रात्रपाळी

@कावळा, उपकार नाहीतच. पण बॉक्स मागवून देणं हे बंधनही नाही. मॅनेजरने 'यापुढे मिळणार नाही' म्हटलं की संपलं. मग दुसरी शाखा शोधत फिरा.

नाणेघाटी

रात्रपाळी ताईंचा प्रतिसाद धाग्याच्या वर चिकटवून ठेवावा असा आहे.

मी पाळतो ते सांगतो. खातं असलेल्याच शाखेत मागणी. तिथल्या ऑर्डरचा वार विचारून ठेवायचा आणि त्याच्या आदल्या दिवशी सांगायचं. बॉक्स आला की त्याच दिवशी उचलायचा. परत भरताना सुटी नाणी कधीच नेत नाही. घरीच पुन्हा रोल करतो, रिकामी कागदी वेष्टनं बँक फुकट देते. एका वेळी थोडे रोल, तेही आठवड्याच्या मध्ये, सकाळी अकराच्या सुमाराला. काही क्रेडिट युनियनमध्ये (म्हणजे इथल्या सहकारी पतसंस्थांमध्ये) सभासदांसाठी मोजायचं मशिन फुकट असतं आणि काहींचं हाफ डॉलर घेतंही, पण ओतण्याआधी विचारावं. सुपरमार्केटमधली मशिन रोख हवी असेल तर बऱ्यापैकी कमिशन कापतात, ते या धंद्यात अजिबात परवडत नाही.

कावळा

बरं, ते मान्य. दुसरा मुद्दा. मी चाळून झालेल्या नाण्यांवर मार्करने बारीक ठिपका करतो. पुन्हा तीच समोर आली की कळतं, या भागात आपलीच नाणी फिरतायत, बँक बदला. यावर मला एका अमेरिकन माणसाने चांगलंच झापलं होतं. काय म्हणणं आहे मंडळींचं?

मीठभाकर

झापायलाच हवं होतं. उद्या ते नाणं एखाद्या पोराच्या संग्रहात जायचं, त्याच्यावर तुमचा ठिपका कशाला?

नाणेघाटी

मी करत नाही. रोज लाल-काळ्या ठिपक्यांची, नेलपॉलिश लावलेली नाणी बघतो आणि वैताग येतो. माहिती उपयोगाची असते हे कबूल. पण तेच काम रोलच्या कागदावरून होतं. कारखान्यात मशिनने गुंडाळलेला रोल दोन्ही टोकांना वळवून घट्ट दाबलेला असतो. त्याच कंपनीचे, तशाच रंगाचे रोल आणि आत तीच ती सालं दिसायला लागली की समजायचं. हाताने गुंडाळलेले रोल मिळाले तर ते आधी फोडा. त्यात कोणाच्या तरी आजोबांचा डबा असण्याची शक्यता मशिनच्या रोलपेक्षा कितीतरी जास्त.

मशिनच्या रोलचा एक फायदा: टोकाच्या नाण्याचा चेहरा न फोडता दिसतो. टोकाला फ्रँकलिन दिसला तर मात्र घरी जाईपर्यंत गाडी सावकाश चालवा.

उंटावरचा शहाणा

लंडनहून. इथे चांदीचं काही नाही, पण ५० पेन्सच्या नाण्यांचं हेच वेड आहे. बँकेतून दहा पौंडांची पिशवी घ्यायची, आत वीस सप्तकोनी नाणी. सगळ्यांना हवं असतं ते २००९ चं क्यू गार्डन्सचं, पॅगोडा असलेलं. पाडली फक्त २,१०,०००. मला अजून मिळालेलं नाही आणि आता मिळेल असं वाटतही नाही, कारण तुमच्या उलट इथे ५० पेन्स रोज वापरात आहे आणि प्रत्येक दुकानातली मुलगी ते उलटून बघते.

सदाशिवपेठी

आता गंभीरपणे विचारतो. भारतात हे जमेल का?

नाणेघाटी

चांदीसाठी नाही. जुन्या रुपयातली चांदी १९४० मध्ये निम्म्यावर आली आणि १९४७ चा रुपया तर निकेलचा होता. त्यामुळे बँकेच्या पिशवीत चांदी सापडण्याचा प्रश्नच नाही. पण स्मारक नाणी शोधायला मजा येते, पाच आणि दहा रुपयांमध्ये भरपूर आहेत आणि चलनातच मिळतात. शिवाय टांकसाळीच्या खुणा: सालाखाली पत्त्यांतल्यासारखी चौकट असेल तर मुंबई, चांदणी असेल तर हैदराबाद, ठिपका म्हणजे नोएडा, आणि काहीच नसेल तर कोलकाता. एका पिशवीत चारही टांकसाळींचं एकाच सालचं नाणं जमवून दाखवा. बसल्या जागी संध्याकाळ जाते.

फक्त वितळवण्याच्या भानगडीत पडू नका. २०११ च्या नाणे कायद्याने तो भारतात गुन्हा आहे. अमेरिकेत बंदी आहे ती एक आणि पाच सेंटची नाणी वितळवायला, चांदीच्या नाण्यांना नाही. तरी कोणी वितळवत बसत नाही, नाणं म्हणूनच सरळ विकली जातात.

सदाशिवपेठी

बँकेत पिशवी मागितली तर आमचे कॅशियर साहेब आधी चष्म्यावरून बघतील. पण बघतो प्रयत्न करून. इथे दहाचं नाणं अजून अर्धे दुकानदार घेत नाहीत. रिझर्व्ह बँकेने २०१८ मध्ये चौदाही प्रकार वैध आहेत असं स्पष्ट सांगूनसुद्धा! त्यामुळे बँका आनंदाने देतील असा अंदाज.

मीठभाकर

एक शंका. एवढी रोख काढ-घाल करताना बँकेला संशय येत नाही का? आपण परक्या देशात, उगाच झंझट नको.

रात्रपाळी

पाचशे डॉलरने काही होत नाही. एका दिवसात दहा हजार डॉलरच्या वर रोख व्यवहार झाला तर बँक सरकारला अहवाल देते, तो नेहमीचा कागद आहे, त्यात घाबरण्यासारखं काही नाही. मात्र तो अहवाल टाळायचा म्हणून कोणी मुद्दाम रक्कम तोडून तोडून भरली तर तो गुन्हा ठरतो, पैसे अगदी कष्टाचे असले तरी. कोणी विचारलं तर सरळ सांगा, नाण्यांचा छंद आहे. आम्हाला तुमच्यासारखे लोक माहीत असतात. :)

भर दुपारी

दुसरा रोल फोडला! १९६७ चं मिळालंय, पण कडा तपकिरीच दिसतेय. साधंच ना? परत करू का?

नाणेघाटी

करू नका!! १९६७ म्हणजे ४० टक्के, साल वाचता येतंय ना, मग कडेकडे बघूच नका. त्या नाण्याच्या आतल्या गाभ्यात बहुतांश तांबंच आहे, चांदी जास्त वरच्या थरांत, म्हणून कडा अशी मळकी दिसते. खात्री हवी असेल तर काट्यावर ठेवा. साडेअकरा ग्रॅम भरायला हवं. तांब्या-निकेलचं ११.३४.

याच फरकावर एक जुगार आहे. १९७१ आणि १९७७ ची काही 'डी' नाणी चुकून उरलेल्या ४० टक्क्यांच्या चकत्यांवर पाडली गेली. सापडलं तर घबाड. पण तांब्या-निकेलच्या नाण्यांच्या वजनातही थोडी कमी-जास्त सूट असते, म्हणून नुसत्या काट्यावर उड्या मारू नका, कडेचा पट्टाही गायब असायला हवा.

आजीचा बटवा

लेकीचा प्रश्न: २००२ ते २०२० ची नाणी वेगळी ठेवायची का?

नाणेघाटी

तिला सांगा, वहीसाठी नक्की. त्या काळात टांकसाळ हाफ डॉलर चलनासाठी पाडत नव्हती, संग्राहकांना रोल आणि पिशव्यांत जास्त पैसे घेऊन विकत होती. कोणीतरी हौसेने घेतलेली नाणी नंतर बँकेत भरून टाकली की ती आपल्याकडे येतात. किंमत म्हणाल तर दर्शनी किमतीच्या फार वर जात नाही, पण त्या सालांचे रकाने एरवी भरायचे नाहीत. २०२१ पासून पुन्हा चलनासाठी पाडायला लागले. आणि १९८७ ला विसरू नका म्हणावं. तीही फक्त संचातच दिलेली होती, रोलमध्ये दिसली तर उचलायची.

कावळा

ठिपके बंद केले. पण मग नाणेघाटी, तुमच्या भागात परत भरलेली नाणी ओळखायची कशी? तुमचे ते रोलचे कागद आमच्या बँकेत सगळे एकाच रंगाचे येतात.

रात्रपाळी

सगळीकडेच एका रंगाचे येतात, हाफ डॉलरचा ठरलेला रंग फिका पिवळसर. कंपनीचं नाव कागदावर किंवा बॉक्सच्या बाजूच्या लेबलवर बघा. आणि एवढं करण्यापेक्षा तुमच्या कॅशियरला विचारा की अलीकडे आणखी कोण हाफ डॉलर मागवतंय का. नाव सांगणार नाहीत, पण 'हो, एक आहेत' एवढं सांगतात. तेवढं कळलं तरी ती शाखा सोडून द्या.

भर दुपारी

काटा आणला. ११.५२. नवऱ्याला बोलावलं.